घड्याळातल्या कॅलरींवर किती विसंबायचं? नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्यांसाठी घरगुती हिशेब

व्यायामाला सुरुवात केली तेव्हा माझं वय ४४, उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ७० किलो होतं. आठवडाभर सकाळी सपाट रस्त्यावर तासभर चालायचं आणि रविवारी आतकरवाडीहून सिंहगड चढायचा, असा नेम धरला. मनगटावर नवं घड्याळ होतं. पुणे दरवाजातून आत शिरलं की मी आधी घड्याळ बघायचे. आकडा असायचा ७६० च्या आसपास. अजून उतरणं बाकी, म्हणजे हजारभर कॅलरी तर नक्कीच, असं धरून मी निवांत बसायचे. दोन भाकऱ्या, पिठलं, वांग्याचं भरीत, एक प्लेट कांदाभजी आणि मटक्यातलं दही. आकड्यात सगळं बसत होतं.

तीन महिने एकही रविवार चुकला नाही. वजन ७० चं ७० च राहिलं.

मला वाटलं थायरॉईड असेल. तपासणी केली, सगळं नीट निघालं. मग वही घेऊन बसले आणि आकडे मुळापासून मांडले, तेव्हा कळलं की शरीरात काही बिघाड नव्हता. चूक होती ती घड्याळाचा अंदाज मोजमाप म्हणून घेण्यात. या सगळ्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी हे जवळ ठेवा

- वजनकाटा. शंभर ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो. चरबी, स्नायू, पाणी असं सगळं सांगणारा काटा घ्यायची गरज नाही.
- भिंतीला टेकून नीट मोजलेली उंची. आधारकार्ड काढताना अंदाजे सांगितलेली नको.
- मोजलेलं अंतर. मैदानावर ४०० मीटरचा ट्रॅक असेल तर उत्तम, नाहीतर फोनच्या नकाशावर मोजलेला रोजचा रस्ता.
- एक वही. ॲप चालेल, पण वहीत आकडे शेजारीशेजारी दिसतात.
- स्वयंपाकघरातला वजनकाटा, निदान पहिले चार आठवडे.
- घड्याळ असेल तर घड्याळ. नसलं तरी पुढचं सगळं करता येतं.

हृदयविकार असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल, तर व्यायामाबरोबर खाण्याचं प्रमाण बदलण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

१. खरं मोजमाप कशाला म्हणतात ते समजून घ्या

शरीर किती ऊर्जा वापरतं ते मनगटावर मोजताच येत नाही. प्रयोगशाळेत माणसाच्या तोंडावर मुखवटा बसवतात आणि तो किती ऑक्सिजन घेतो, किती कार्बन डायऑक्साइड सोडतो ते मोजतात. एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ५ किलोकॅलरी खर्च होतात. सगळा हिशेब या एका नात्यावर उभा आहे, पुढे तो आपल्यालाही लागेल. रोजच्या जगण्यातला एकूण खर्च मोजायचा असेल तर हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी पाजतात आणि दोन आठवडे लघवीच्या नमुन्यांत ते अणू किती वेगाने कमी होतात ते पाहतात. ही पद्धत माणसांवर १९८० च्या दशकापासून वापरात आहे.

घड्याळाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्या पाठीला हिरवा दिवा असतो. तो कातडीखालच्या रक्ताचे ठोके टिपतो. आत एक संवेदक असतो, तो हाताची हालचाल टिपतो. या दोन गोष्टी आणि तुम्ही भरलेलं वय, वजन, उंची यांवरून घड्याळ अंदाज बांधतं. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ६० जणांच्या हातांवर सात वेगवेगळी घड्याळं बांधून त्यांचे आकडे प्रयोगशाळेतल्या मोजमापाशी ताडून पाहिले. हृदयाचे ठोके सातपैकी सहा घड्याळांनी पाच टक्क्यांच्या आतबाहेर बरोबर दाखवले. कॅलरींच्या बाबतीत मात्र त्यांतलं सर्वांत चांगलं घड्याळ सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. त्यानंतर घड्याळं सुधारली असतील, पण कॅलरी अजूनही अंदाजानेच निघतात.

म्हणून घड्याळ फेकून द्या असं मी म्हणणार नाही. ठोके, वेळ आणि अंतर यांसाठी मी अजूनही ते रोज बांधते.

एककाचा घोळही इथेच मिटवून टाका. बोलताना आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती खरी किलोकॅलरी. खाण्याच्या पाकिटावर, घड्याळात, सगळीकडे तीच असते. काही यंत्रं मात्र किलोज्यूल दाखवतात. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल. जिममध्ये सायकलवर अचानक चौपट आकडा दिसला तर हर्षून जाण्याआधी खालचं अक्षर वाचा.

२. घड्याळातली माहिती आणि पट्टा नीट करा

घरात एकाने घड्याळ घेतलं, दुसऱ्याने सुरू केलं आणि तिसऱ्याच्या हातात बांधलं, असं बऱ्याच घरांत होतं. माझ्या वहिनींच्या घड्याळात आठ महिने त्यांच्या मुलाचं वय आणि वजन भरलेलं होतं. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचं वय, स्त्री की पुरुष, उंची आणि आजचं वजन भरा. घड्याळ कोणत्या हाताला बांधता तेही भरा.

पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, कातडीला चिकटून राहील इतका घट्ट हवा. बांगड्यांच्या मधे अडकवलेलं घड्याळ हलतं आणि हिरव्या दिव्याच्या फटीतून उजेड आत येतो. मग हलण्याची लय आणि ठोक्यांची लय यांत त्याचा गोंधळ होतो. चालताना मिनिटाला ११५ पावलं पडत असतील तर ठोकेही ११५ दाखवू लागतं. शंका आली की थांबा, गळ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. घड्याळाशी चार-पाच ठोक्यांच्या फरकाने जुळलं तर ठीक.

हालचालीचा संवेदक कसा फसतो ते मला दिवाळीच्या आधी दिसलं. ओट्यापाशी उभी राहून करंज्यांच्या पाऱ्या लाटत होते. लाटणं पुढे-मागे, पुढे-मागे. हात धुवायला गेले तेव्हा मनगट थरथरलं आणि घड्याळाच्या पडद्यावर आलं की चालण्याचा व्यायाम ओळखला, नोंद करू का? मी तासभर जागची हलले नव्हते. उलट मंडईतून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन परतले त्या दिवशी हात हललेच नाहीत, म्हणून निम्मी पावलंसुद्धा मोजली गेली नाहीत.

३. एकूण आणि निव्वळ यांतला फरक पकडा

माझ्या चुकीचा मोठा भाग इथे होता, म्हणून इथे जरा थांबा.

तुम्ही काहीच न करता पडून राहिलात तरी शरीर ऊर्जा खर्च करत असतं. हृदय, मेंदू, यकृत, श्वास, सगळं चालूच असतं. तो खर्च काढायला १९९० पासून वापरात असलेलं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र घ्या:

वजनाला (किलो) १० ने गुणा. त्यात उंची (सेंटिमीटर) गुणिले ६.२५ मिळवा. त्यातून वय गुणिले ५ वजा करा. पुरुषांनी शेवटी ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे.

माझं उदाहरण: ७०० अधिक १००० वजा २२० वजा १६१, म्हणजे दिवसाला १३१९. तासाला ५५. हेही सूत्रच आहे, एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. पण सुरुवातीला पुरे.

आता घड्याळ चालण्याच्या एका तासाला ३४० दाखवत असेल तर बहुधा त्यात हे ५५ धरलेले असतात. ते मी सोफ्यावर बसूनही खर्च केले असते. चालल्यामुळे झालेला जास्तीचा खर्च २८५. याला निव्वळ म्हणू. खाण्याचा विचार करताना उपयोगाचा फक्त निव्वळ आकडा, कारण बसल्या जागीचा खर्च तुमच्या रोजच्या जेवणात आधीच धरलेला आहे. तो पुन्हा धरलात तर एकच गोष्ट दोनदा मोजली गेली.

तुमच्या घड्याळात दोन आकडे दिसत असतील, एक ‘ॲक्टिव्ह’ आणि एक ‘टोटल’, तर पहिला निव्वळ आणि दुसरा एकूण. एकच आकडा असेल तर तो एकूण समजून वजाबाकी करा. अर्ध्या तासाच्या हळू योगासनांना घड्याळाने ८० दाखवले तर त्यातले २७-२८ बसल्या जागीचे असतात. व्यायाम जितका हलका तितका हा भाग मोठा.

दुहेरी मोजणीची आणखी एक जागा आहे. फोन पावलं मोजतो, घड्याळही मोजतं, आणि दोघंही आपापली नोंद आहाराच्या ॲपला पाठवतात. सकाळचं एकच चालणं तिथे दोनदा जमा होतं. शिवाय सुरुवातीला ‘तुमची जीवनशैली कशी’ असं विचारलं होतं तेव्हा तुम्ही ‘सक्रिय’ निवडलं असेल तर तिसऱ्यांदा. ॲपमध्ये एकच स्रोत चालू ठेवा आणि जीवनशैली ‘बैठी’ निवडा.

४. आपला आकडा आपण काढा

चालणं, पळणं आणि चढणं यांचा हिशेब घड्याळाशिवायही चांगला येतो, कारण हे सगळ्यांत जास्त अभ्यासलेले व्यायाम आहेत. पुढचे गुणक अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या समीकरणांतून काढले आहेत. सगळे निव्वळ आहेत, म्हणजे बसल्या जागीचा खर्च यात नाही.

सपाटीवर चालणं: प्रत्येक किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.५ किलोकॅलरी.
पळणं: प्रत्येक किलोमीटरला प्रत्येक किलोमागे १ किलोकॅलरी.
चढ: उभ्या उंचीच्या प्रत्येक १०० मीटरला प्रत्येक किलोमागे ०.९ किलोकॅलरी. हे अंतराच्या खर्चात मिळवायचे.

मी तासात साडेपाच किलोमीटर चालते. ०.५ गुणिले ७० गुणिले ५.५, म्हणजे १९२. घड्याळाचा निव्वळ आकडा २८५ होता. जवळजवळ दीडपट.

आता सिंहगड. आतकरवाडीहून वाट सुमारे पावणेतीन किलोमीटर आणि उभी चढाई साधारण ६०० मीटर. चढाचे ०.९ गुणिले ७० गुणिले ६, म्हणजे ३७८. अंतराचे ०.५ गुणिले ७० गुणिले २.७, म्हणजे ९५. दोन्ही मिळून ४७३.

हा आकडा पाहून मी हिरमुसले आणि दुसऱ्या बाजूनेही पडताळा घेतला. शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा. ७० किलोचं ओझं ६०० मीटर वर न्यायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावं लागणारं काम म्हणजे ७० गुणिले ९.८ गुणिले ६००, सुमारे ४१२ किलोज्यूल. किलोकॅलरीत ९८. आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा कामात आणतात, उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणून ९८ च्या चौपट, सुमारे ३९०. समीकरणाने दिलेले ३७८ आणि हे ३९०. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलो, तेव्हा माझा विश्वास बसला. पाठीवर पिशवी असेल तर तिचं वजन तुमच्या वजनात मिळवा.

घड्याळ वर पोचल्यावर ७६० दाखवायचं. चढायला मला एक तास वीस मिनिटं लागायची, त्यातले बसल्या जागीचे ७३ काढले तर ६८७. पुन्हा दीडपटीच्या जवळ. उतरताना खर्च चढण्याच्या मानाने फारच कमी असतो. तो सपाटीच्या चालण्याइतका, म्हणजे ९५ धरा. मी मनाशी हजार धरत होते, खरे होते साडेपाचशे-पावणेसहाशे.

गुणकांच्या मर्यादाही सांगते. ताशी साडेसहा किलोमीटरपेक्षा जोरात चालू लागलात की चालण्याचा खर्च ०.५ पेक्षा वाढतो. वाळूत, चिखलात, पावसाळी निसरड्या वाटेवरही तो वाढतो. आकड्याला दहा-पंधरा टक्के सैल धरा. ‘१९२’ असं कधी लिहू नका, ‘१७० ते २२०’ असं लिहा.

बाकीच्या व्यायामांसाठी ‘मेट’ नावाचं माप वापरतात. स्वस्थ बसणं म्हणजे १ मेट, त्याच्या किती पट खर्च होतो तो आकडा. वेगवेगळ्या हालचालींच्या मेटची मोठी यादी १९९३ साली अमेरिकेत प्रथम छापली गेली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या निघत आल्या आहेत. निव्वळ खर्च काढायला मेटमधून १ वजा करा, वजनाने गुणा, तासांनी गुणा. हा हिशेब थोडा जास्तच दाखवतो, कारण एक मेट म्हणजे किलोमागे तासाला १ किलोकॅलरी धरलेली आहे. माझ्या बाबतीत ते ७० होतात, सूत्राने ५५ आले होते.

सूर्यनमस्कारांचं उदाहरण घेते, कारण त्याबद्दल आपल्याकडे व्हॉट्सॲपवर हवे ते आकडे फिरतात. २०११ च्या मेट यादीत सूर्यनमस्काराला ३.३ मेट दिले आहेत. ६० किलोच्या माणसाला अर्ध्या तासाला एकूण ९९. त्याच वर्षी छापून आलेल्या एका अभ्यासात १८ ते २२ वर्षांच्या, दोन वर्षांहून जास्त सराव असलेल्या सहा भारतीय मुलामुलींचा ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजला होता. तिथे ६० किलोला अर्ध्या तासाला २३० आले. नाव एकच, आकडा दुपटीहून जास्त. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एका बाजूला श्वासाबरोबर सावकाश घातलेला नमस्कार, दुसऱ्या बाजूला ठोके त्यांच्या कमाल मर्यादेच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांवर नेणारा जोरकस नमस्कार. सावकाश घालताना तुम्हाला बोलता येत असेल तर यादीतला आकडा धरा, वाक्य पुरं करता येत नसेल तर दुसऱ्याच्या जवळचा. ‘एका नमस्काराला इतक्या कॅलरी’ असा ठाम आकडा कोणी सांगितला तर आधी वेग विचारा.

५. जिममधली यंत्रं

ट्रेडमिल तुमचं वजन विचारत नसेल तर ती कुणा भलत्याच माणसाचा हिशेब दाखवते आहे. वजन भरायची सोय शोधा. चढ वाढवून दांडी धरून चालणं हा सगळ्यांत मोठा फसवा प्रकार आहे. चढाचा पूर्ण खर्च यंत्र मोजतं, तुमचं वजन मात्र अर्धं हातांवर टेकलेलं असतं. दांडी सोडून चालता येईल इतकाच चढ ठेवा. तोल जाण्याची भीती असेल तर दांडी धरा, पण मग तो आकडा वहीत लिहू नका.

वॅट दाखवणारी सायकल जिममध्ये असेल तर तुमचं नशीब चांगलं. प्रत्यक्ष केलेलं काम मोजणारं दुसरं सोयीचं साधन तिथे बहुतेक नसतं. सरासरी वॅट गुणिले सेकंद भागिले हजार म्हणजे किलोज्यूल. शरीर कामाच्या साधारण चौपट ऊर्जा खर्च करतं आणि एक किलोकॅलरीत ४.१८ किलोज्यूल असतात, म्हणून किलोज्यूलचा आकडा जवळपास तसाच किलोकॅलरीचा धरता येतो. १०० वॅटने अर्धा तास म्हणजे १८० किलोज्यूल, सुमारे १८० किलोकॅलरी.

वजनं उचलण्याच्या व्यायामात घड्याळाचा आकडा सरळ सोडून द्या. दोन सेटच्या मधे आपण बसलेले असतो आणि ठोके मात्र चढलेले राहतात. ठोके आणि ऑक्सिजन यांची जी सांगड चालण्या-पळण्यात बसते ती इथे सुटते. वजनं उचला, जरूर उचला, विशेषतः चाळिशीनंतर. पण कॅलरीच्या रकान्यात फारसं काही लिहू नका.

६. ठोके वाढले म्हणजे खर्च वाढला, असं नाही

मे महिन्यात त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालताना माझे ठोके डिसेंबरपेक्षा दहा-बाराने जास्त असतात. शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे जातं, पाणी कमी पडतं, हृदयाला जास्त धावावं लागतं. घड्याळ त्याला जादा कॅलरी समजतं. कमी झोप, ताप, कडक चहा, ऑफिसातलं भांडण यांनीही असंच होतं. उलट, रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके दाबून ठेवतात, तिथे घड्याळ कमी दाखवतं.

घामाचंही तसंच. व्यायामानंतर काट्यावर सातशे ग्रॅम कमी दिसले तर ते पाणी आहे, दोन तांब्यांत परत येईल. प्लॅस्टिकचा घामाचा पट्टा पोटाला बांधून पळू नका. त्याने चरबी जात नाही आणि उन्हाळ्यात जिवावर बेतू शकतं.

‘व्यायामानंतरही दिवसभर कॅलरी जळत राहतात’ ही जाहिरात तुम्ही पाहिली असेल. व्यायामानंतर काही काळ ऑक्सिजन जास्त लागतो हे खरं, पण तो व्यायामातल्या खर्चाच्या साधारण ६ ते १५ टक्के. दोनशे खर्च केले असतील तर वरचे फार तर तीस.

७. चार आठवडे वजनकाट्याला विचारा

आतापर्यंतचे सगळे अंदाज होते. आता तुमच्या शरीराकडून उत्तर घ्यायचं. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण माझं डोकं याच पायरीने ताळ्यावर आलं.

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी वजन करा आणि लिहा. एका दिवसाच्या आकड्याकडे बघू नका. लोणचं-पापडाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी अर्धा-एक किलो सहज वाढतं, ते मिठाने धरलेलं पाणी. सात दिवसांची सरासरी काढा. पहिल्या आठवड्याची सरासरी आणि पाचव्या आठवड्याची सरासरी यांची तुलना करा, मधे बरोबर २८ दिवस होतात. बायकांसाठी चार आठवडेच का, तर पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं आणि दोन आठवड्यांच्या तुलनेत ते सगळा हिशेब उलटवू शकतं.

याच काळात जे खाल ते सगळं लिहा. मोजून. पोळीचं वजन करा, एकदा केलं की रोजचं कळतं. तेलाला विसरू नका. आमच्या चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल लागायचं. माणशी रोज दोनशे किलोकॅलरी फक्त फोडणी आणि तळणातून होतात, आणि माझ्या वहीत सुरुवातीला तेलाचा रकानाच नव्हता. चहातली साखर, भाजी चाखलेला घास, मुलाच्या ताटात उरलेला अर्धा पराठा, हेही येऊ द्या.

मग हिशेब असा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० किलोकॅलरी. माझी पहिल्या आठवड्याची सरासरी ७०.१, पाचव्याची ६९.५. घट ०.६ किलो. ०.६ गुणिले ७७०० भागिले २८, म्हणजे रोज १६५ ची तूट. रोजचं खाणं सरासरी १७९०. म्हणजे माझा खरा रोजचा खर्च १७९० अधिक १६५, सुमारे १९५५. घड्याळ याच काळात दिवसाची सरासरी २३३० दाखवत होतं. रोजची तफावत ३७५.

चालण्याच्या तासातली चूक नव्वदच्या आसपास होती, उरलेली दिवसभर पसरलेली होती, ओट्यापाशी, लाटण्यापाशी. आणखी एक कारण शरीरातलंच आहे. आपण व्यायाम वाढवला की शरीर इतर ठिकाणी काटकसर करतं. २०२१ साली १,७५४ प्रौढांच्या मोजमापांवरून असं दिसलं की हालचालीने वाढवलेल्या खर्चापैकी सरासरी २८ टक्के शरीर बाकीचा खर्च कमी करून भरून काढतं. त्यात रविवारी गड चढून आल्यावर मी दुपारभर झोपायचे आणि संध्याकाळचं भाजी आणणं मुलावर सोपवायचे, तेही आलं.

खाणं लिहिताना थोडं सुटणारच, कितीही काळजी घेतली तरी. मग खरा खर्च १९५५ पेक्षा थोडा जास्त असेल. त्याने बिघडत नाही. तुम्ही पुढेही त्याच पद्धतीने, त्याच वाट्यांनी मोजणार असाल तर तीच चूक दोन्ही बाजूंना राहते आणि आकडा कामाला येतो.

८. आकड्याचा ताटाशी संबंध कसा लावायचा

तुमच्या घड्याळाचा गुणक काढा. चौथ्या पायरीतला तुमचा हिशेब भागिले घड्याळाचा निव्वळ आकडा. चार-पाच वेळा वेगवेगळ्या दिवशी करा. माझा आला ०.६७ ते ०.६९, म्हणजे घड्याळ जे दाखवतं त्यातले दोन तृतीयांश खरे. तुमचा ०.९ येईल, कदाचित १.१ सुद्धा. तो फक्त त्या घड्याळाचा, त्या व्यायामाचा आणि तुमचा. चालण्याचा गुणक सायकलला लावू नका, मैत्रिणीचा गुणक स्वतःला लावू नका.

वजन कमी करायचं असेल तर रोजच्या चालण्याचा आकडा ताटात परत आणूच नका. दोनशेच्या आसपास असतो, तो तुटीत राहू द्या. गड, लांबची सायकल, दहा किलोमीटर पळणं अशा मोठ्या दिवशी गुणकाने कमी केलेल्या आकड्याच्या निम्मं खा, आणि भूक असेल तरच. मात्र वजन कमी करायचं नसेल, किंवा अर्धमॅरेथॉनची तयारी चालू असेल, तर पूर्ण खा. कमी खाऊन लांब पळण्याने पाळी चुकते, हाडं कमजोर होतात, हे मी जवळून पाहिलं आहे. तिथे घड्याळाने थोडं जास्त दाखवलेलं परवडतं.

मी गडावर अजूनही जाते आणि पिठलं-भाकरी खाते. भजीची प्लेट आता चौघांत एक असते.

वजनात चार-पाच किलोंचा फरक पडला की घड्याळातलं वजन बदला आणि तिसरी-चौथी पायरी पुन्हा करा. माझं ६५ झालं तेव्हा आतकरवाडीच्या त्याच चढाचे ४७३ वरून ४३९ झाले, आणि घड्याळात अजून ७० च भरलेलं होतं.